उच्चांकी भावाच्या बातमीविषयी, आळ्याहून

मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक यांस,


हे पत्र जुन्नर तालुक्यातल्या आळे गावातून लिहितो आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे, म्हणून वारकऱ्यांना आळे ठाऊक असते. तुमच्या वार्ताहरांना मात्र गावापेक्षा आळेफाटाच जास्त परिचयाचा. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग फाट्यावर एकमेकांना छेदतात. त्यामुळे आंदोलन करायचे ठरले की लोक फाट्यावर बसतात, चारही दिशांची वाहने थांबतात आणि कॅमेरे येतात. फाट्याजवळच जुन्नर बाजार समितीचा उपबाजार आहे, तिथे कांद्याचे लिलाव होतात. त्या आवारात कॅमेरा आत येतो तो भाव उसळला तरच. एरवी तिथे काय चालते ते राज्याला कळत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की शेतमालाच्या भावाची बातमी तुमच्याकडे जाहिरातीच्या पद्धतीने दिली जाते. सगळ्यांत झगझगीत आकडा उचलायचा, मोठ्या टायपात लावायचा, मागचेपुढचे सोडून द्यायचे. जाहिरातदार हे स्वतःच्या मालासाठी, स्वतःच्या पैशाने करतो. आमच्या मालाची ही जाहिरात आम्ही न मागता होते आणि तिचा भुर्दंड आम्ही भरतो.

हा आकडा तयार कसा होतो ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांनी लिलाव प्रत्यक्ष पाहिला नसेल. शेतकरी घरीच कांदा निवडून गोण्या भरतो. मोठा गोळा वेगळा, दोन नंबर वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, हलका बदला वेगळा. आवारात प्रत्येकाच्या मालाची वक्कल, म्हणजे लिलावाचा एकेक गट, लागते आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वकलीपुढून सरकत बोली लावत जातो. आमच्याकडे भाव दहा किलोवर पुकारतात. दिवसभरात हजारो गोण्या विकल्या जातात. त्यात एखाददुसरी वक्कल अशी निघते की आकार एकसारखा, रंग पक्का, पत्ती चांगली. तिच्यावर दोन व्यापारी भिडतात आणि भाव चढतो. तो त्या दिवसाचा उच्चांक. संध्याकाळी तो व्हॉट्सॲपवर फिरतो, रात्री पोर्टलवर येतो आणि सकाळी मथळ्यात सगळ्या बाजाराचा भाव होऊन बसतो. बाजार समिती रोज आवक, किमान भाव, कमाल भाव आणि सरासरी असे आकडे काढते. चारही आकडे वार्ताहराच्या हातात असतात. छापला जातो तो कमाल.

तुम्ही म्हणाल, यात खोटे काय आहे? खोटे काहीच नाही. पण ज्याची गोल्टी आणि बदला त्याच दिवशी पडेल भावाने गेला, त्या शेतकऱ्याला गावात आणि पाहुण्यारावळ्यांत ऐकून घ्यावे लागते की यंदा तुमची चांदी आहे. हातउसने दिलेला माणूस पैसे मागायला येतो. पुण्या-मुंबईतला ग्राहक भाजीवाल्याकडे शंकेने बघू लागतो. आणि दिल्लीत बसलेल्या सरकारला कांदा महाग झाल्याची बातमी दिसते.

२०२३ सालचा क्रम आठवून बघा. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी झाली, ती थेट ४ मे २०२४ ला उठली, तीही ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. हे निर्णय तुमच्या मथळ्यांमुळे झाले असे मी म्हणत नाही. निवडणुकीचे गणित सरकारांना तुमच्याशिवायही येते. पण कांद्याने रडवले, गृहिणींचे बजेट कोलमडले, अशा बातम्यांची जी हवा तयार होते त्या हवेत असा निर्णय घेणे सोपे जाते. आणि साठवणीच्या बराकीत उन्हाळी कांदा ठेवून बसलेला माणूस त्या बातमीत कुठेच नसतो. त्याच्या ढिगातला किती कांदा सडला, वजन किती घटले, हे कुणी त्याला विचारत नाही.

आता टोमॅटोकडे येतो, कारण हा सगळा प्रकार तिथे फार स्वच्छ दिसतो. आमच्यापासून जवळच नारायणगाव आहे. टोमॅटोची तिथली बाजारपेठ देशभर माहीत आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतला माल वीस किलोच्या क्रेटमध्ये तिथे येतो आणि तिथून दूरदूरच्या राज्यांत जातो. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत टोमॅटोचे भाव इतके पडले होते की राज्यात अनेकांनी तोडणी सोडून दिली. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडे निघत नसेल तर माणूस काय करणार? अनेकांनी पुढची लागवड कमी केली. त्यात उन्हाळ्याचा ताप, पावसाचे बिघडलेले वेळापत्रक आणि कर्नाटकात पिकावर आलेला रोग यांची भर पडली. जूनच्या शेवटी माल कमी पडला आणि भाव भडकले. जुलैत नारायणगावात क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला. शहरांत किरकोळीला किलोमागे दीडशे आणि काही ठिकाणी दोनशे रुपये मोजावे लागले.

तेव्हा तुमच्या गाड्या आल्या. आमच्या तालुक्यातल्या एका कुटुंबाने महिन्याभरात सुमारे १३ हजार क्रेट विकून दीड कोटी रुपये मिळवले, ही बातमी देशभर गेली. त्या कुटुंबाचे कष्ट खरे होते आणि त्यांच्या यशाचा आम्हालाही आनंद झाला. पण ती बातमी ज्या रीतीने चालवली गेली तिच्यात बी-बियाणे, मल्चिंग पेपर, ठिबक, तार, बांबू, सुतळी, फवारण्या आणि मजुरी यांचा खर्च नव्हता. आधीच्या हंगामात किती तोटा झाला ते नव्हते. मुख्य म्हणजे तेवढा माल त्या भावाच्या दिवसांत हाताशी असलेले किती थोडे लोक होते, हे नव्हते. टोमॅटोने करोडपती केले, एवढेच उरले. तो एक नशीबवान हंगाम साऱ्या पिकाची जाहिरात झाला.

त्याच आठवड्यांत दुसरीकडे काय चालले होते ते बघा. जुलैच्या सुरुवातीला मॅकडोनाल्ड्सच्या उत्तर आणि पूर्व भारतातल्या दुकानांनी सूचना लावली की आमच्या दर्जाच्या कसोटीला उतरतील असे टोमॅटो पुरेसे मिळत नाहीत, म्हणून काही पदार्थांत ते घालता येणार नाहीत. ऑगस्टमध्ये बर्गर किंगने टोमॅटोलाही सुट्टी लागते अशा आशयाचा हलकाफुलका फलक लावला. प्रसिद्धीचे काम म्हणून ते चोख होते, हे मान्य करायला हवे. महाग झालेली वस्तू गुपचूप काढून टाकली असती तर गिऱ्हाईक चिडले असते. आधीच सांगून टाकल्यामुळे प्रामाणिकपणाचे श्रेयही मिळाले आणि फलकाचे फोटो फुकट छापून आले. मोठ्या कंपनीकडे अशा वेळी काय बोलायचे, कुणी बोलायचे आणि कोणत्या शब्दांत बोलायचे हे ठरवणारी पगारी माणसे असतात. त्या मजकुरात दोष कुणाचा? टोमॅटोचा. तो दर्जाला उतरत नव्हता, तो सुट्टीवर गेला होता. टोमॅटोच्या बाजूने बोलायला कुणाची नेमणूक झालेली नाही, म्हणून ते तसेच छापले गेले. निदान एका वार्ताहराने शेतावर येऊन विचारायला हवे होते की मे महिन्यात हाच टोमॅटो मातीमोल जात होता तेव्हा या कंपन्यांनी आधीपासून करार करून किती माल उचलला होता.

सरकारचीही प्रसिद्धी झाली. १४ जुलैपासून राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघाच्या गाड्यांवर दिल्लीत ९० रुपये किलोने टोमॅटो विकायला सुरुवात झाली. मग ८०, मग ७०, १५ ऑगस्टला ५० आणि २० ऑगस्टला ४० रुपये. दर टप्प्यावर बातमी. १० ऑगस्टला लोकसभेत नेपाळहून टोमॅटो आणत असल्याचे सांगितले गेले, त्याचीही बातमी. ग्राहकाला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. शहरात मजुरी करणाऱ्या बाईच्या कालवणात टोमॅटो पडला पाहिजे, ही माझीही इच्छा आहे. पण ४० रुपयांना विकलेल्या त्या किलोसाठी शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, किती रुपये पडले, हा प्रश्न गाडीसमोरच्या रांगेचे चित्रण करणाऱ्यांपैकी कुणी विचारल्याचे मला आढळले नाही. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, लासलगावहून सोळाशे टन कांदा घेऊन रेल्वेगाडी दिल्लीला गेली. तिला कांदा एक्सप्रेस म्हटले गेले आणि त्या नावावर बातमी देशभर चालली. सरकारी प्रसिद्धी विभागाने आपले काम केले. तुमचे काम त्या पत्रकाच्या पलीकडे सुरू होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव कोसळले. राज्यातल्या काही बाजारांत किलोला तीन ते पाच रुपये. जुन्नर आणि आंबेगावात शेतकऱ्यांनी उभी टोमॅटोची शेते सोडून दिली. या बातम्या आल्या, नाही असे नाही. वृत्तसंस्थांनी दिल्या, काही दैनिकांनी आतल्या पानावर छापल्या. पण जुलैत ज्या दिमाखाने गाड्या आल्या होत्या तशा सप्टेंबरात आल्या नाहीत. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत टोमॅटोचा पहिला तोडा येतो. जुलैच्या बातम्या ऐन भरात होत्या तेव्हा लावलेले रोप सप्टेंबरात बाजारात आले, हे कुणीही बोटांवर मोजू शकेल. भाव चढला की लागवड वाढते, हे बातमीशिवायही घडते; आमच्याकडे शेजाऱ्याच्या बांधावर बघूनच पीक ठरते. पण करोडपतीच्या बातमीचा बांध राज्याच्या टोकापर्यंत जातो. ज्याच्याकडे पाण्याची खात्री नाही, ज्याने टोमॅटो कधी केला नाही, तो तरुणही रोपवाटिकेत आगाऊ रक्कम भरतो. त्याला सावध करील असे एक वाक्य त्या बातमीत असते, की आजचा भाव ज्या मालाला आहे तो दोन महिन्यांपूर्वी लावलेला आहे आणि तुम्ही आज लावाल त्याला हा भाव असेलच असे नाही, तर तिचे वजन कमी झाले नसते.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त लागली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, नारायणगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात टोमॅटोवर एक रोग दिसला. फळ एकसारखे लाल होण्याऐवजी त्यावर लाल, पिवळे, हिरवट चट्टे पडायचे. शेतकऱ्यांनी आपल्या बोलीत त्याला तिरंगा म्हटले. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत नमुने गेले, तपासणीत कुकुंबर मोझॅक व्हायरस प्रामुख्याने आढळला. वनस्पतीचा विषाणू माणसाला बाधत नाही, हे शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितले. पण तोवर एका हिंदी वृत्तवाहिनीने टोमॅटोतला नवा विषाणू कोरोनाहून भयंकर असल्याच्या थाटात कार्यक्रम चालवला होता. विषाणू हा शब्द ऐकताच काळजात धस्स व्हायचे ते दिवस होते. शेतकरी संघटनांनी निषेध केला, तक्रारी केल्या. खुलासे आले, पण भीतीचा कार्यक्रम जितका वेळ चालला त्याच्या एका कोपऱ्याएवढीही जागा खुलाशाला मिळाली नाही. एखाद्या बिस्किटाविषयी किंवा शाम्पूविषयी असा कार्यक्रम चालवण्याचे धाडस कोणत्या वाहिनीने केले असते? दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस आली असती, आणि त्याआधी जाहिरात विभागाचा फोन. टोमॅटो जाहिरात देत नाही आणि नोटीसही पाठवत नाही. त्याच्या बदनामीला किंमत नसते, म्हणून ती स्वस्तात होते.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबडीचेही हेच झाले होते. पण कोंबडी-अंडी धंद्याजवळ उत्तर द्यायला यंत्रणा होती. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तिचे मुख्यालय आपल्या पुण्यात. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने ठरवायचा ही रीत मोडून उत्पादकांनी आपला दर जाहीर करायला सुरुवात केली, आणि रोज अंडी खा असे सांगणारी जाहिरात दूरदर्शनवर घरोघर पोचवली. अफवा आली की ते बोलतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंद उत्पादकांनी १९३७ पासून स्वतःच्या वर्गणीवर प्रसिद्धी मंडळ चालवले आहे. त्यांचे छोटे स्टिकर लावलेले फळ आज आळेफाट्यावरच्या हातगाडीवरही मिळते. न्यूझीलंडच्या किवी उत्पादकांची झेस्प्री तशीच. आपल्याकडे १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या संस्थांनी महाग्रेप्स उभी केली. शेजारच्या मंचरहून १९९२ साली सुरू झालेल्या पराग मिल्कने आंबेगावचे दूध गोवर्धन या नावाने घराघरांत नेले. म्हणजे या मातीतल्या मालाचे नाव होऊ शकते. टोमॅटो आणि कांद्याला ते का झाले नाही, हा प्रश्न आम्ही शेतकऱ्यांनी, शेतकरी कंपन्यांनी आणि बाजार समित्यांनी स्वतःला विचारायचा आहे. तो तुमच्यावर ढकलत नाही.

पण नाव होईपर्यंत आमच्या मालाबद्दल जे काही जगाला कळते ते तुमच्यामार्फत कळते, म्हणून तुमच्याकडे मागणे आहे. भावाची बातमी देताना कमाल भावाशेजारी सरासरी भाव आणि आवक छापा. जागा एक ओळ लागते. भाव ऐतिहासिक चढला असे लिहाल तेव्हा त्याच पिकाला तीन महिन्यांपूर्वी काय मिळत होते तेही लिहा. शहरात किलो किती रुपयांना हे दाखवताना त्यातले शेतापर्यंत किती पोचतात ते सांगा. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटो उत्पादकाला सुमारे ३३ पैसे, कांदा उत्पादकाला ३६ आणि बटाटा उत्पादकाला ३७ पैसे मिळतात असा अंदाज आहे. हे आकडे तुमच्या पडद्यावर कोपऱ्यात कायम राहिले तरी महागाईच्या चर्चेचा सूर बदलेल.

यशोगाथांविषयीही थोडे बोलायचे आहे. कृषी पुरवण्यांत आणि कार्यक्रमांत यशस्वी शेतकऱ्याची कहाणी येते, तिच्यात अमुक वाणाचे बियाणे, तमुक खत, अमक्या कंपनीचे औषध असा उल्लेख अगदी सहज येतो. वाचणाऱ्याला तो शेतकऱ्याचा अनुभव वाटतो. तो खरेच अनुभव असेल तर छापाच, आम्हाला एकमेकांच्या शेतातूनच शिकायचे असते. पण त्या मजकुरासाठी कंपनीने पैसे मोजले असतील तर वर ठळक अक्षरांत जाहिरात असे लिहा. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या टायपात नको, आणि उपक्रम, विशेष सहयोग असल्या शब्दांत तर नकोच. शहरी वाचक साबणाची छुपी जाहिरात वाचून फसला तर त्याचा एक साबण वाया जातो. आमच्याकडचा वाचक फसला तर हंगाम जातो, आणि हंगामावर काढलेले सोसायटीचे कर्ज जात नाही.

तुमच्या तालुका वार्ताहरांची अडचणही मी बघतो. त्यातल्या पुष्कळांना पगार नाही, मानधन तुटपुंजे, आणि वर जाहिराती आणून देण्याचे उद्दिष्ट. दसरा-दिवाळीला त्यांनी बाजार समितीकडे, व्यापाऱ्याकडे, खतांच्या दुकानदाराकडे शुभेच्छांची जाहिरात मागायची आणि उरलेले वर्ष त्यांच्याच कारभारावर लिहायचे, हे माणसाला कसे जमावे? लिलावात वजनात काट मारली जाते की नाही, पट्टीचे पैसे वेळेवर मिळतात की नाही, हे त्याला सगळे माहीत असते. त्याला लिहिता येईल अशी सोय तुम्ही केलीत, बातमीदाराच्या गळ्यातून जाहिरातीची झोळी काढलीत, तर वर मागितलेल्या अर्ध्या गोष्टी आपोआप होतील. हे मी सर्वांत कळकळीने लिहितो आहे, कारण बिबट्या दिसला तर रात्री दोन वाजता मोटारसायकलवर निघणारा हाच माणूस आहे. त्याच्यात धमक आहे.

पुढच्या वेळी कांद्याचा किंवा टोमॅटोचा भाव चढेल तेव्हा तुमची गाडी आळेफाट्याला आणि नारायणगावला जरूर पाठवा. त्याच दिवशी, त्याच वार्ताहराला, दहा आठवड्यांनंतरची तारीखही नेमून द्या. तेव्हा त्याने त्याच आवारात, त्याच शेतकऱ्याकडे यायचे, आणि त्याच्या खिशातली नवी पट्टी पहिल्या बातमीएवढ्याच जागेत छापायची.

आपला,
आळे (ता. जुन्नर, जि. पुणे) येथील एक कांदा उत्पादक वाचक